रिसेप्शनवालीचा फोन

हॅलो?… ताई, तू होय. पटकन बोल, दवाखान्यातून फोन यायचाय… हो, आजच. पाचवा दिवस ना… दुकानातच आहे, मागच्या खोलीत. उभी आहे, इथे खुर्ची कुठली, नुसते चष्म्यांचे खोके… बाहेर एक आजोबा आहेत. अर्धा तास फ्रेमा बदलतायत. एकीतही तरुण दिसेनात म्हणून माझ्यावर रागावलेत.

नाही… पडद्यांचं नंतर बोलू. अगं ऐक ना…

किती म्हणजे? सांगितलं होतं तुला. पाच बीजं निघाली, तीन फळली. काल बशीत एकच गर्भ उरला होता… एक गं. मोजायला सोपा.

हो, हो… माहितेय, तुझ्या शेजारणीला बेचाळिसाव्या वर्षी जुळी झाली. तिला झाली म्हणून तू फोन करून सांगतेस. ज्यांना नाही झाली त्यांच्याबद्दल कोण कुणाला फोन करतं?

उशीर मी केला? बत्तिसाव्या वर्षी गेले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, घाई काय आहे. सदतिसाव्या वर्षी त्याच म्हणाल्या, आधी का नाही आलात. मधे कधीतरी बरोबर वेळ होऊन गेली असणार. मी जेवायला गेले असेन तेव्हा.

…नाही. पुन्हा नाही. ही तिसरी खेप. यापुढे माझ्या बीजांवर भिस्त ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय. ह्यांना तर आता सुई दिसली तरी ते खोलीबाहेर जातात. आणि सुई माझ्या पोटात.

तसं नाही गं… तिथे बाकावर बसून बसून आम्हा बायकांचं एक शास्त्र झालंय. बातमी चांगली असली की रिसेप्शनवाली फोन करते. च्युइंगम चघळत. 'उद्या दहाला या गर्भ ठेवायला, पाणी पिऊन या', संपलं. वाईट असली की डॉक्टर स्वतः करतात. आधी विचारतात, बसलात ना?… हो, मागच्या दोन्ही वेळी त्यांनीच केला. फार मायेनं बोलतात. तेव्हापासून कुणी मायेनं बोललं की मी आधी खुर्ची शोधते.

थांब… मधे टुकटुक येतंय. बघते हं.

…

आहे गं, आहे मी… काही नाही. पडद्यांचं काय म्हणत होतीस?… नाही, सांग ना. निळे की पांढरे?… आहे मला वेळ… वाजतोय, वाजू दे…

रिसेप्शनवालीचा नाहीये.

नाही उचलत… ताई, मी उचलत नाही तोवर एक आहे ना… ऐक, पांढरे घेऊ नकोस, महिन्यात मळतात. माप घेतलंस का खिडकीचं?… मग घे जाऊन. मी थांबते फोनवर… तू कशाला रडतेस? माप सांग.

…थांबला.

हं… दीड मीटर. आणि खाली थोडं दुमडायला धर…

पुन्हा आला. चिकाटीच्या आहेत बाई.

नाही, ठेवते आता. ह्यांना तू काही कळवू नकोस, मी सांगेन… हो. खोक्यावर टेकते आधी. करते तुला… करते गं.

…

हॅलो?… हो डॉक्टर, मीच… हो. बसलेय मी.