डावखुऱ्या अर्जदाराची हरकत

होजो मावशींचा अर्ज फेटाळला गेला. पण ते तुम्हाला अजून ठाऊक नाही, असं धरून पुढे वाचा. जपानमधल्या मिहोसाकी पालिकेत माझा नंबर त्यांच्या मागे होता. मावशींना ऐकू येत नाही. खिडकीवरचा कॅमेरा त्यांच्या हातांच्या खुणा वाचतो आणि यंत्र ते बोलून दाखवतं.

"नवरा काल गेला," यंत्र म्हणालं. "दहनाचा परवाना द्या. दुपारी दोनची वेळ मिळालीय."

"इथे सहीऐवजी तुमचा शिक्का मारा, मावशी," कारकून म्हणाला. सोबत आलेल्या मुलीने ते मावशींना हातांनी सांगितलं.

मावशींनी एका हातात फॉर्म धरला, दुसऱ्यात शिक्का.

"मारू नकोस," यंत्र म्हणालं.

"मावशी, मारायचाय की नाही, एक काय ते सांगा."

"अहो, आईचे दोन्ही हात अडकलेत," मुलगी म्हणाली. "ती कशी बोलेल?"

"यंत्र दोन माणसं दाखवतंय, ताई. दुसरा डावखुरा आहे."

"बाबा डावखुरे होते."

"होते की आहेत? तसा रकाना आहे."

"शेजारची खुर्ची रिकामी आहे हो."

"मलाही रिकामीच दिसते. पण हरकत नोंदली गेली."

"माझ्या पायात मोजे घालायचे विसरलीस," यंत्र म्हणालं.

"आई, खरंच विसरलीस?" मुलीने हातांनी विचारलं.

मावशींनी मान खाली घातली.

कारकुनाने माईक ओढला. "मयत अर्जदारांनी कृपया कॅमेऱ्यासमोरून बाजूला व्हावं, ही पालिकेची नम्र विनंती."