चौकोनी खोलीतलं गोल लिनोलियम

अरिऊना : आई, आधी तो सुरा खाली ठेवा. मग बोलू.

त्सेंद : ठेवते की. झालंच आहे माझं.

अरिऊना : काय झालंय? हे सगळं कापलंत तुम्ही?

त्सेंद : सगळं कुठं? कोपरे बाजूला ठेवलेत. चांगले मोठे निघालेत.

अरिऊना : अहो, उद्या सकाळी चिकटवायला माणसं यायची आहेत! वळ्या सुटाव्यात म्हणून नुसतं पसरून ठेवलं होतं. मी सांगून गेले होते ना, त्यावर पाय ठेवू नका म्हणून?

त्सेंद : पाय नाही ठेवला. गुडघ्यांवर बसून कापलं.

अरिऊना : अगं बाई... गोल! आई, ही खोली चौकोनी आहे.

त्सेंद : दिसतंय मला.

अरिऊना : आणि मधलं हे भोक कसलं?

त्सेंद : चुलीचं. तिथं पत्रा येतो, पत्र्यावर चूल. बघ, कड कशी आलीय. मध्ये पिठाचं पोतं ठेवलं, त्याला दोरी बांधली आणि दोरी धरून फिरले. तुझ्या सासऱ्यांना इतकं नीट कधी जमलं नाही.

अरिऊना : आई, इकडे बघा. आज वार कोणता?

त्सेंद : गुरुवार. आणि सकाळच्या चहात नेहमीचं मीठ टाकायला तू विसरलीस. अजून काही तपासायचंय?

अरिऊना : तसं नाही हो. पण इथं चूल नाही. गोल भिंत नाही. मग हे कुणासाठी?

त्सेंद : माझ्या गेरसाठी. नमद्याच्या तंबूघराला खाली गोलच लागतं. शनिवारी भाचा ट्रक घेऊन येतोय. तुझ्या ओतगोने मित्राच्या वखारीत बांधून ठेवलंय ना सगळं? भिंतीच्या जाळ्या, लोकरीचे नमदे, छताच्या काड्या. ते ट्रकवर चढवायचं आणि निघायचं. आर्खान्गाईला बहिणीच्या शेजारी उभं करणार. हिवाळा तिकडं.

अरिऊना : हिवाळा? एकट्या? आम्हाला न विचारता?

त्सेंद : विचारलं असतं तर तू रडली असतीस आणि त्याने डॉक्टरला बोलावलं असतं.

अरिऊना : आमचं काही चुकलं का?

त्सेंद : चुकलं नाही गं. इथं गरम आहे, पाणी नळाला येतं, तू जेवायला वेळेवर घालतेस. पण सकाळी उठून बसायचं कुठं ते मला कळत नाही. कुठंही बसलं तरी कुणाच्या तरी वाटेत. परवा चिमी म्हणाली, आजी, तू टीव्हीसमोर आलीस. पोरीचं बरोबर होतं. मी दुसरीकडे सरकले, तर फ्रीजचं दार उघडेना.

अरिऊना : पण लिनोलियम हवं होतं तर मागायचं! बाजारातून दुसरं आणलं असतं.

त्सेंद : मागितलं होतं. तू रंग बघत होतीस, लाकडासारखा हवा, फिका हवा. तेव्हा ओतगोला म्हटलं, माझ्या गेरपुरतं एक घे, जुनं कडांना फाटलंय. तो म्हणाला, आता कशाला, आई? मनात म्हटलं, कंजूष झालाय. मग हेच कापलं. मऊ पाठीचं मीच निवडलं होतं, जमिनीची थंडी तीच अडवते.

अरिऊना : आपल्याखाली जमीन कुठंय? खालच्या मजल्यावर माणसं राहतात!

त्सेंद : तेच म्हणते मी. तुम्हाला काय गरज याची?

(दार वाजतं. ओतगो आत येतो आणि बूट काढता काढता थांबतो.)

ओतगो : हे काय?

अरिऊना : आईंनी कापलं.

ओतगो : आई! वेड लागलंय का? हे... अगं, हे परत मिळतं का कुठं फुकट?

त्सेंद : ओरडू नकोस. चिमी झोपलीय. नाहीतर परत खोकत बसेल.

अरिऊना : ओतगो, लिनोलियमचं नंतर बघू. आई शनिवारी आर्खान्गाईला चालल्यात. गेर घेऊन. वखारीची चावी कुणाकडे असते?

ओतगो : चावी?

अरिऊना : हो, चावी. भाचा ट्रक आणतोय.

ओतगो : शनिवारी नको. पुढच्या महिन्यात बघू. रस्ते खराब आहेत.

त्सेंद : रस्ते कोरडे आहेत. पुढच्या महिन्यात बर्फ पडेल. ओतगो, माझ्याकडे बघून बोल.

ओतगो : आई, ते गेर वखारीत नाहीये.

त्सेंद : मग कुठंय?

ओतगो : दिलं मी.

त्सेंद : कुणाला राहायला दिलंस?

ओतगो : विकलं.

अरिऊना : काय?

ओतगो : आपली जागा घेऊन बिल्डरने फ्लॅट दिला तो कसा होता? नुसतं सिमेंट. दारं नाहीत, नळ नाहीत, खाली खडबडीत फरशीसुद्धा नाही. त्या धुळीत चिमीला ठेवायचं? गेरच्या वस्तीतल्या कोळशाच्या धुरातून तिला बाहेर काढायला तर इथं आलो. कुठून करणार होतो मी सगळं?

अरिऊना : मला म्हणालास, कामावर बोनस मिळाला.

ओतगो : तुला सांगितलं असतं तर तू आईला सांगितलं असतंस.

अरिऊना : सांगितलंच असतं! म्हणजे हे लिनोलियम...

ओतगो : हो. हेही त्यातूनच.

त्सेंद : ओतगो, तुझे दोन्ही भाऊ मोठे. त्यांनी घोडे नेले, मेंढ्या नेल्या. तू शेंडेफळ. शेंडेफळाकडे चूल राहते. म्हणून तुला दिलं होतं ते.

ओतगो : माहीत आहे, आई.

त्सेंद : तुझ्या वडिलांना शेवटचं त्यातूनच बाहेर नेलं.

ओतगो : माहीत आहे गं.

अरिऊना : आई, बसा ना. इथं बसा. पाणी देऊ?

त्सेंद : नको. कुणी घेतलं?

ओतगो : तेरेल्जच्या अलीकडे एक कॅम्प आहे. परदेशी लोक येतात, रात्रभर राहतात, फोटो काढतात. चांगलं ठेवलंय त्यांनी. मी जाऊन बघून आलो. नवं कापड चढवलंय वरून.

त्सेंद : दार रीतीप्रमाणे दक्षिणेलाच आहे ना?

ओतगो : दार... नदीकडे आहे. आतून नदी दिसावी म्हणून.

त्सेंद : नदी कुठल्या अंगाला?

ओतगो : उत्तरेच्या.

अरिऊना : परत घेता येईल, आई. बोलतो आम्ही त्यांच्याशी. ओतगो, बोल ना काहीतरी!

ओतगो : विचारलं होतं मी. मागच्या महिन्यात. नाही म्हणाले.

त्सेंद : कॅम्प अजून उघडा आहे?

ओतगो : महिनाअखेरपर्यंत. मग थंडीत बंद.

त्सेंद : तिथं कुणालाही झोपता येतं?

ओतगो : येतं. आधी फोन करावा लागतो.

त्सेंद : मग कर. सांग, एक पाहुणी येतेय. शनिवारी. तेच गेर हवंय म्हणावं.

ओतगो : आई... मी सांगतो त्यांना, तू कोण आहेस ते.

त्सेंद : नको. तेवढं सांगू नकोस.