पाय लागला की

डोंबिवलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात संचिता थेंब घालून, डोळे मिटून बसली होती. शेजारची आजी आणि कॅनडाहून आलेली तिची नात यांचं बोलणं अंधारातून तरंगत तिच्यापर्यंत येत होतं.

“आजी, तिकडे आपण धक्का दिला तरी समोरचाच सॉरी म्हणतो.”

“अगंबाई!”

“आजोबा तुला कधी म्हणाले का गं सॉरी?”

“छे! पण झोपेत पाय लागला तरी मला हात लावून नमस्कार करायचे.”

“बायकोला?”

“का, बायको माणूस नसते?”

“तसं नाही गं.”

“शेवटी शेवटी त्यांना हातच उचलवेना. पाय लागला की नुसते बघत राहायचे.”

“मग?”

“मग मीच त्यांचा हात माझ्या खांद्याला लावायचे, नि त्यांच्या कपाळाला टेकवायचे. तेव्हा कुठे डोळे मिटायचे.”