दुसरी भाजणी

नुन्झियाता : राकेलामावशी, अगं माझे पाव झालेत की! दे टोपलीत. पोरांनी भूक भूक करून डोकं उठवलंय.

राकेला : हात लावू नकोस. अजून एकदा भट्टीत जायचेत ते.

नुन्झियाता : आणखी भाजून काय कोळसा करतेस?

राकेला : तुझा नवराच सकाळी सांगून गेला. बिस्कोत्तो कर म्हणाला, गोणीभर.

नुन्झियाता : गोणीभर? आनिएल्लो मला तर म्हणाला, आठवड्याचे पाव टाक!

राकेला : (पाव कापता कापता थांबते) अरे देवा. तुला बोलला नाही तो?

नुन्झियाता : काय बोलायचं? मी बाई डोंगरावरची. आमच्याकडे द्राक्षमळे असतात, बोटी नाहीत. बिस्कोत्तो म्हणजे काय, नीट सांग.

राकेला : अगं, नावातच आलं सगळं. बिस म्हणजे दोनदा, कोत्तो म्हणजे भाजलेलं. पाद्रीबाबा म्हणतात, जुन्या लॅटिनमधलं नाव आहे. तेव्हाच्या खलाशांचंही पोट ह्यावरच. एकदा भाजलेला आठवड्यात बुरसतो. दोनदा भाजला की आतलं पाणी पार जातं. सहा महिने काही होत नाही बघ.

नुन्झियाता : सहा महिने... म्हणजे पोवळी काढायला चाललाय! आफ्रिकेकडं! मदोनामाऊलीसमोर शपथ घेतली होती मेल्यानं, पुन्हा समुद्रावर जाणार नाही म्हणून. सख्खा भाऊ गिळला त्या समुद्रानं, वर्ष नाही झालं अजून!

राकेला : त्या भावाची बायकापोरं कोण पोसणार? दोन घरं आहेत त्याच्या गळ्यात.

नुन्झियाता : मावशी, पाया पडते तुझ्या. दुसऱ्यांदा भाजू नकोस. असेच भर गोणीत. बुरसले की झक मारत परत येईल.

राकेला : वेडी का खुळी तू? एकाच्या पावासाठी कप्तान बोट वळवील? बोट जाईल पुढं, अन् हा बसेल बुरशी खात, नाहीतर उपाशी.

नुन्झियाता : मग मी करू तरी काय?

राकेला : घरी जाऊन भांड. थाळ्या फोड. पण पावावर राग काढू नकोस, बाई.

नुन्झियाता : भांडून थांबेल तो?

राकेला : माझा तर कधी थांबला नाही.

नुन्झियाता : ...सरक बाजूला.

राकेला : अगं, काय करतेस? भट्टी तापलीय!

नुन्झियाता : ते फावडं दे इकडं. माझी मी भाजते. एकसुद्धा आत ओला राहता कामा नये.