दारातल्या चपला

सुलक्षणा : पण आबा, पुस्तकातल्या पोराचा बाप हुबेहूब तुमच्यासारखा बोलतो, त्याला काय म्हणायचं?

आबा : तू आदी तिचा म्हागला पाय धर. मेंढरू हाललं तर कातर लागंल.

सुलक्षणा : धरलाय.

आबा : सगळे बाप सारखंच बोलत्यात. पुस्तक दिलं कुनी तुला?

सुलक्षणा : दिलं नाही कुणी. पालीला गड बघायला आलेली एक पोरगी माझ्या खानावळीत जेवली आणि पुस्तक ओसरीवर विसरून गेली. म्हटलं, बघू तरी. तर रॉक बँडची कादंबरी. पुण्यातली चार पोरं, गिटारी, नुसता आरडाओरडा. मी ठेवूनच देणार होते.

आबा : मंग ठिवायचं.

सुलक्षणा : त्यातला ड्रम वाजवणारा आपल्या राजगडाच्या पायथ्याचा धनगराचा पोरगा निघाला. बापाशी भांडून घरातनं गेलेला. मग कसं ठेवू?

आबा : नाव काय त्याचं?

सुलक्षणा : रंगा.

आबा : म्हंजी आपला कुमार न्हाई. मिटलं. सोड हिला, ती दुसरी घे.

फुलाबाई : कुमारचं काय बोलताय?

आबा : काय न्हाई. तू चुलीकडं बघ.

फुलाबाई : चूल कुटं पळून जातीय? माज्या पोराचं नाव ऐकलं म्या. ह्या घरात ते नाव ऐकून किती दिस झालं. सुले, काय गं?

सुलक्षणा : आई, ह्या पुस्तकात आपला कुमार आहे असं मला वाटतंय. आबांना वाटत नाही.

फुलाबाई : आन मी हाय का त्यात?

सुलक्षणा : तुला मारलीय त्यात. पोरगा लहान असतानाच.

फुलाबाई : आगं बया! कशानं मेले?

सुलक्षणा : साप चावून.

फुलाबाई : कोन लिवनारा म्हनायचा?

सुलक्षणा : बाई आहे. पुण्याची.

फुलाबाई : तिला म्हनावं हितं ये. माज्या हातची भाकर खा, मंग सांग कोन मेलंय ते.

आबा : बगा. म्हंजी धादांत खोटं हाय.

सुलक्षणा : खोटं लई आहे. भर पावसाळ्यात मेंढरं कोकणात उतरवलीत तिनं.

आबा : पावसाळ्यात? कोकनात? खुरं सडून मरत्याल की सगळी! आता तर पक्कं झालं. कुमारनं आसं कवाच सांगितलं नसतं. चालाय लागल्यापासनं मेंढरांम्हागं कोकन बगितलंय त्यानं.

सुलक्षणा : त्यानं नीट सांगितलं असेल, बाईनं घोळ घातला असेल. मला तरी कुठं सगळं आवडलंय? पानापानाला दारू. आणि त्या गाणाऱ्या पोरीवरनं दोघांची भांडणं, त्यातच निम्मं पुस्तक संपलं. लई कंटाळा आला. पण तो रंगा वाजवायला बसला ना आबा, की मला चुलीचं भान राहायचं नाही. एकदा भात करपला माझा, गिऱ्हाईक ओरडून गेलं. बाईला वाजवण्यातलं कळत नसेल, पण कुणाचं तरी वाजवणं तिनं जवळ बसून ऐकलंय. आणि त्या बापाचा तर इतका राग आला, वाटलं पुस्तक चुलीत घालावं.

आबा : का? काय करतो बाप?

सुलक्षणा : पोराच्या हातातला ढोल काढून घेतो. म्हणतो, 'ह्यो देवाचा ढोल हाय. त्या नाचऱ्यांत बडवायचं आसंल तर माजा उंबरा चढू नगं.'

फुलाबाई : ह्येच! आवो, ह्येच बोलला हुता तुमी. जसंच्या तसं.

आबा : सुले, माज्याकडं बग. ती लिवनारी बाईच जेवाय आली आसंल तुज्याकडं. पिठलं वाढता वाढता तूच वकलीस सगळं.

सुलक्षणा : झालं, आलं माझ्यावरच! मी घरातलं असं चार माणसांत बोलते होय? ती बाई कशी दिसते तेसुद्धा मला ठाऊक नाही. आणि बोलले असते तरी पुढचं कुठनं सांगणार? ते मलाच माहीत नव्हतं.

आबा : पुडचं काय?

सुलक्षणा : पुण्यात एका मोठ्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होतो. तो संपल्यावर पोरं सामान टेम्पोत भरायला बाहेर येतात. तर हॉलच्या दाराबाहेर, एका कडेला, जुन्या चपला. टायरच्या तळाच्या. नीट जोडून ठेवलेल्या. सगळी पोरं हसतात, हॉलच्या बाहेर चपला कोण काढतं, हे काय देऊळ आहे? एकटा रंगा हसत नाही.

फुलाबाई : आवो, हात का थांबला?

आबा : लोकर गुतलीय कातरीत.

सुलक्षणा : ढोल वाजतो तिथं पायात घालून जायचं नाही, ही आपल्यातली रीत. पुण्यातल्या बाईला मनानं सुचणार आहे का हे? हॉलच्या दारात चपला कोण काढून ठेवेल, आबा?

आबा : कुनीबी. जग काय ल्हान हाय?

फुलाबाई : थांब सुले. टायरच्या म्हनलीस? डाव्या चपलेच्या अंगठ्याला तार गुंडाळलेली?

सुलक्षणा : तार आहे. तांब्याची. तुला कसं कळलं?

फुलाबाई : म्याच गुंडाळलीती, म्हनून कळलं. आवो, तुमी पुन्याला मेंढरांच्या बाजाराला जातो म्हनून गेला आन घरी अनवानी आला. म्या इचारलं तर म्हनला, यष्टीची वाट बगत डोळा लागला, कुत्र्यानं न्हेल्या. तवाच मला खटाकलं हुतं. कुत्रं एक चप्पल न्हेतं. जोडी न्हेतं व्हय?

आबा : दोन कुत्री आसत्याल.

सुलक्षणा : आणि पुस्तकात लिहिलंय, म्हातारा सगळ्यात मागं भिंतीला टेकून ढसाढसा रडत होता.

आबा : खोटं! रडलो बिडलो न्हाई म्या. आन भिंतीला कुटला टेकतोय? पाय ठिवाय जागा न्हवती तितं, पोरं नुसती उड्या मारत हुती!

(अर्धी कातरलेली मेंढी सुटते, अंग झाडते आणि कळपात जाते. तिला धरायला कोणी उठत नाही.)

फुलाबाई : म्हंजी गेला हुता तुमी. मला न नेता.

आबा : मला तरी कुटं ठावं हुतं आत जाईन म्हनून? हॉलच्या भायेर भिंतीवर त्याचा फोटू लावल्याला. बगत उबा ऱ्हायलो, आन आत वाजाय लागलं.

फुलाबाई : कसा दिसत हुता?

आबा : वाळलाय. क्यास वाढवल्यात, तुज्यापरास लांब.

सुलक्षणा : आणि वाजवणं?

आबा : दडं बसलं कानात. लई कालवा. पन त्या कालव्याच्या बुडाला आपलाच ताल हुता, सुले. बिरुबाच्या जत्रंतला. म्या मांडीवर घिऊन शिकीवल्याला. दुसऱ्या कुनाला कळलं नसंल, मला कळलं. मंग माज्यानं थांबवंना. तसाच भायेर आलो आन चालाय लागलो. यष्टीत बसल्यावर पाय गार लागलं, तवा ध्यानात आलं.

सुलक्षणा : त्याला भेटला का नाहीत?

आबा : उंबरा चढू नगं म्हनलं म्याच. मंग त्याच्या दारात जाऊन उबा ऱ्हाऊ?

सुलक्षणा : दारात तर उभेच होतात.

आबा : लई बोलाय शिकलीस पालीला जाऊन.

सुलक्षणा : आबा, रडणं बाईनं पदरचं घातलं असेल. मेंढरंही तिनंच कोकणात धाडली असतील. पण चपला तिला कुमारशिवाय कोण सांगणार? पुस्तकाच्या मागं छापणाऱ्यांचा नंबर आहे. त्यांच्याकडनं बाई सापडेल आणि बाईकडनं कुमार. लावू का?

फुलाबाई : इचारतीस काय? लाव की.

आबा : थांब. त्यात त्या पोरानं पुडं काय केलं चपलांचं? टाकल्या आसत्याल.

सुलक्षणा : नाही टाकल्या. कुठंही कार्यक्रम असला की बरोबर नेतो. आधी दाराबाहेर एका कडेला जोडून ठेवतो, मग आत जाऊन वाजवायला बसतो.

फुलाबाई : म्हंजी बाप आत बसलाय, आसं.

आबा : मोबाईलला रेंज हाय का हितं?

सुलक्षणा : त्या वरच्या खडकावर येते. काय सांगू त्याला?

आबा : म्हनावं, चपला आबाच्या हैत.

सुलक्षणा : एवढंच?

आबा : आन दुसऱ्या कुनाच्या हाती धाडू नगं म्हनावं.