शेराचा चीक

ओरोसला डोळ्यांच्या दवाखान्यात समीक्षा चष्म्याचा नंबर काढायला बसली होती. समोरच्या बाकावर दोन म्हातारे ओले रुमाल डोळ्यांना लावून बसले होते. दिसत दोघांनाही नव्हतं, पण तोंडं व्यवस्थित चालू होती.

"वयीचो शेर माझो, भिक्या. कुपणाच्या झाडाक तू कोयतो कित्याक घातलंस?"

"तुझी वय दरसाल माझ्या परड्यात सरकता म्हणान, गणप्या."

"झाड वाढता, त्येका मी काय करू?"

"तू फांदी तोडून माझ्या बाजूक रोवतंस. शेराक काय, रोवलो काय रुजता."

"शेराक ढोरां तोंड लावणत नाय, म्हणान लावतंय. ढोरांका कळता ता तुका कळाक नाय. पयल्याच घावाक चीक डोळ्यात."

"माझ्या डोळ्यात गेलो तो तोडताना. तुझ्या कसो गेलो?"

"तू बोंबललंस म्हणान धावत इलंय. तुझे डोळे पुसलंय, आणि त्याच हातान माझो घाम."

"तुका पुसूक कोणी सांगल्यान?"

"तू आंधळो झालंस तर परवा कोर्टात मी भांडू कोणावांगडा?"

तेवढ्यात आतून नर्सबाई आल्या.

"आजोबा, तुमच्यासोबत कोण आलंय?"

"ह्यो," दोघे एकदमच म्हणाले आणि दोघांनी अंदाजाने शेजारी बोट दाखवलं. गणपतचं बोट भिकाजीच्या कानात गेलं.

"बोट मागे घी, गणप्या. ही माझी हद्द."