चाकणचे तज्ज्ञ

त्या दिवशी मला चहासुद्धा बसून पिता येईना राव! दुसऱ्या दिवशी प्रबंध द्यायचा आणि गाइड मॅडमनी माझा मुख्य संदर्भच उडवला.

"हे रंगीत मासिक आहे, शोधपत्रिका नाही. यातलं कोण तपासतं?"

"मॅडम, गाडीची बॅटरी का तापते, ते चाकणच्या तज्ज्ञांनी सांगितलंय."

"कशाच्या आधारावर? विचारा त्यांना."

तज्ज्ञ म्हणजे चाकणच्या कारखान्यात आमच्याच लाइनवर काम करणारा शिंदे. शिफ्ट सुटताच पळत जाऊन त्याला गेटवर गाठलं. "शिंदे, पटकन सांग, मासिकवाल्याला बॅटरीचं सांगितलंस, ते कशावरून?"

शिंदे निवांत हेल्मेट घालत म्हणाला, "भावा, कॅन्टीनमध्ये तूच नाही का म्हणालास? म्हटलं, याचा प्रबंध चाललाय, वाचूनच बोलत असणार."